आईंचे गुरुवार

आई, तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि मी तुमच्यावर चिडले आहे. भेटायला येणाऱ्या बायका माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, "सासू-सून कुठल्या, मायलेकीच होत्या." मी मान हलवते. मायलेकी कसल्या! बावीस वर्षं आपण एकमेकींनी घासलेली भांडी पुन्हा घासत आलो. माझे डोळे लाल दिसतात ते रडण्याने, असं त्यांना वाटतं. रडते, नाही असं नाही. पण त्यातलं निम्मं रडणं संतापाचं आहे. घास गिळायला पुन्हा शिकण्यासाठी एवढा आटापिटा करायचा, अख्ख्या घराला करायला लावायचा, आणि पहिल्यांदा पोटभर जेवलात की दुसऱ्याच दिवशी निघून जायचं? याला काय म्हणायचं? तुम्ही असता तर म्हणाला असता, "याला मरन म्हनतात गो," आणि वर हसला असता.

अप्पा गेले तेव्हा तुम्ही रडला नाहीत. खाडीकाठच्या त्या घरात तेरा दिवस माणसांचा राबता होता आणि तुम्ही सगळ्यांना वाढत होता. मी पदर खोचून उठले की म्हणायचात, "तू बस, दमली असशील." मला तेव्हाही राग आला होता. नवरा तुमचा गेला आणि दमलेली मी? मग सुहासने तुम्हाला आमच्याकडे विरारला, मनवेलपाड्याला आणलं. केळीची वाडी तुमच्या दिरांनी बघायला घेतली. आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, समोरच्या इमारतीच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत, तुम्ही बाल्कनीत उभ्या राहायला लागलात. मी विचारायचे, "काय बघताय?" तुम्ही म्हणायचात, "काय नाय. कोनाकडे किती मानसं ते बघते."

घास अडकायला लागला तो तिथेच. आधी भाकरी जाईना. मग चपाती, मग मऊ भातसुद्धा. गळ्याच्या खळग्यावर बोट ठेवून तुम्ही सांगायचात, "हितं येऊन थांबतो. पुढं जायला बघत नाय." शेवटी फक्त पेज. जिच्या हातचं खाऊन आमच्या घरातल्या सगळ्यांची पोटं सुटली ती बाई वाटीभर पेज तासभर घेऊन बसायची. ब्लाऊज ढिले झाले, बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. आम्ही घाबरलो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं, पोटाच्या डॉक्टरांनी नळीतून कॅमेरा घातला, पांढरं औषध पाजून एक्स-रे काढले. सगळ्यांनी एकच सांगितलं, काही नाही. मला हायसं वाटलं आणि तुम्हाला अपमान वाटला. रिक्षात बसल्या बसल्या म्हणालात, "काय नाय तर घास कोन अडवतो? मी?"

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं तेव्हा तुम्ही दोन दिवस सुहासशी बोलला नाहीत. माझ्याशी बोलत होतात, कारण कोणाला तरी सांगायला हवं होतं की तुम्ही येड्या नाही. मनाच्या डॉक्टरांनी तुम्हाला शांतपणे सगळं विचारलं, एक बारीकशी गोळी सुरू केली आणि म्हणाले, गोळी मदत करेल, पण सोबत बोलण्याचे उपचार घ्या. "बोलन्याचे?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "मग तुम्ही घरात कशाला हायेत?"

मीही काही फार जाणकार नव्हते, आई. मला वाटत होतं तिथे एक लांब कोच असेल, तुम्हाला झोपवतील, डोळे मिटायला सांगतील. तुम्हाला वाटत होतं इंजेक्शन असेल किंवा अंगारा. विरार पश्चिमेला एका औषधाच्या दुकानावरची ती छोटी खोली बघून आपण दोघी सारख्याच हिरमुसलो. समोरासमोर दोन वेताच्या खुर्च्या, एक जास्तीची प्लास्टिकची, पाण्याचा जग, कागदी रुमालांचा डबा. आणि मर्लिन. तिशीची पोरगी, कानात छोटे मोती, इथलीच, वसईच्या गावातली. तुम्ही खुर्चीत बसलात, पर्स मांडीवर घट्ट धरलीत आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "ही सांगेल."

मी सांगितलं. चांगलं सविस्तर, कधी भाकरी बंद झाली, कधी भात. मर्लिनने सगळं ऐकून घेतलं. मग तिने आपल्या दोघींना मिळून सांगितलं की पहिल्या दोन-तीन वेळा ती नुसती विचारेल, समजून घेईल. लगेच फरक दिसेलच असं नाही. कधी कधी बोलून गेल्यावर आधीपेक्षा जड वाटेल, तसं झालं तर येऊन सांगायचं. इथे बोललेलं ती बाहेर कोणाला सांगणार नाही, घरच्यांनाही नाही, फक्त कोणाच्या जिवाला धोका असला तरच सांगावं लागेल. आणि तिच्याशी जमत नाही असं वाटलं तर तसंही बेलाशक सांगायचं, ती दुसऱ्या कोणाचं नाव देईल. एवढं झाल्यावर माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाली, "आता मी काकींशी बोलते. तुम्ही बाहेर बसाल?"

मी! अर्ध्या दिवसाची रजा टाकून आणलं मी, रांगा मी लावल्या, कॅमेऱ्याच्या वेळी तुमचा हात धरला मी, आणि बाहेर बसायचं मी! बाहेरच्या बाकावर बसून मी तासभर भिंतीवरच्या नारळाच्या झाडांच्या चित्राकडे बघत होते. तुम्ही बाहेर आलात तेव्हा तुमचा चेहरा असा होता की जणू आत तुम्हाला काही बक्षीस मिळालंय.

"काय म्हणाली?"

"ती काय नाय. मीच बोलले."

"मग ती काय करते?"

"इचारते."

"काय विचारते?"

"ते सांगायचं नसतं," तुम्ही म्हणालात.

आई, तो नियम तिला होता! तुम्हाला नव्हता! हे मी तुम्हाला त्या रिक्षात सांगितलं, घरी सांगितलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगितलं. तुमची जीभ तुमची होती, तुम्ही कोणालाही काहीही सांगू शकत होता. तुमचं उत्तर ठरलेलं, "ती पाळते तर मीपन पाळते. बरोबरी नको का?" या वादाचा निकाल लागलाच नाही. आता लागायचाही नाही.

मग गुरुवार सुरू झाले. शेजारच्या बायकांना तुम्ही सांगितलंत की तुम्ही मठात जाता. त्या बिचाऱ्या तुमच्याकडे प्रसाद मागायच्या आणि मला नाक्यावरून पेढे आणून ठेवावे लागायचे. सेशन झालं की तुम्हाला अर्नाळ्याला जायचं असायचं. "एवढं आलोच हाय तर." घसा बंद, पण मासळी घ्यायची. अर्नाळ्याच्या कोळणीशी तुम्ही अशी घासाघीस करायचात की मी चार पावलं लांब उभी राहायचे. घरी येऊन मी ती तळायची, सुहास आणि आमच्या लेकीने, रेवाने खायची, आणि तुम्ही पेजेची वाटी घेऊन समोर बसून म्हणायचं, "मीठ कमी हाय. वासावरून कळतं."

आणि तक्रारी! पहिल्या महिन्यात तर मर्लिनबद्दल तुम्ही जेवढ्या तक्रारी केल्यात तेवढ्या माझ्याबद्दलही कधी केल्या नसतील. ती काही उपाय सांगत नाही. ती मधेच गप्प बसते. ती घड्याळ समोर ठेवते. "मी सांगितलं तिला, माझी झोप उडते. तर म्हनते, झोप येत नाय तेव्हा मनात काय येतं? आता झोपच नाय तर काय येनार? तूच मनात येतेस, माझा पंखा बंद करून गेलेली." मी म्हटलं, "नसेल जमत तर दुसरीकडे जाऊ, तिनेच सांगितलंय तसं." त्यावर तुम्ही माझ्यावरच उखडलात. "पोर चांगली हाय. तिला काय येत नाय, एवढंच." आणि पुढच्या गुरुवारी जेवणाआधीच साडी बदलून दारात बसलेल्या. मी काय समजायचं होतं, सांगा ना.

मग तो अर्नाळ्याचा दिवस आला. मासळी घेऊन झाली होती. ऊन कलायला लागलं होतं. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घातले होते आणि समोर पाण्यात किल्ला दिसत होता. तुम्ही म्हणालात, जरा बसू. आपण सिमेंटच्या कट्ट्यावर बसलो. पिशवी माझ्या पायाशी. तुम्ही समुद्राकडे बघत होता आणि तसंच बघत म्हणालात, "मीच सांगितलं त्यांना. गिळा म्हनून."

मला आधी कळलंच नाही. मग तुम्ही सांगितलंत. त्या दिवशी अप्पा नेहमीसारखे जेवत होते, म्हणजे एक घास, मग एक गोष्ट, मग एक घास. वाडीतल्या कोणत्या केळीला कसा घड लागलाय, पानाचा भाव काय, कोण भेटलं. तुम्हाला भजनी मंडळाला जायचं होतं. बायका बाहेर थांबल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "गिळा आता एकदाचं. मना जायचंय." अप्पा हसले. घास तोंडात घातला आणि तसेच कलंडले. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, घासाचा काही संबंध नाही. तुम्हालाही ते ठाऊक होतं. "ठाव हाय मना," तुम्ही म्हणालात, "पन शेवटचा शब्द तोच ना माझा. एवढी वर्सं संसार केला आनि शेवटी काय म्हटलं, तर गिळा."

मी काय करायला हवं होतं, आई? मला जे येतं ते मी केलं. मी लगेच म्हटलं, "अहो आई, असं काय करताय? सगळ्याच बायका म्हणतात. मी सुहासला रोज म्हणते. अप्पा हसले ना? म्हणजे त्यांना कळलं होतं..."

तुम्ही पिशवी उचललीत आणि उठलात. "बघ. म्हनून तुला सांगत नाय. मर्लिन गप बसली होती."

मी चिडले. अजूनही त्या वाक्यावर चिडते. मी देशावरची आहे. आमच्याकडे कोणी दुःखाचं सांगायला लागलं की सगळी एकदम बोलतात. बोलणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, ही आमची माया आहे. गप्प बसणं म्हणजे परकेपणा. तुमच्या खाडीकाठी उलटं असेल तर असेल. पण तासाचे पैसे घेऊन ठरवून गप्प बसणाऱ्या पोरीशी माझी तुलना करायची? रिक्षात आपण दोघी गप्प होतो आणि ते गप्प बसणं काही उपचाराचं नव्हतं.

मला वाटलं होतं, निदान आता तरी घास सुटेल. गाठ सापडली म्हणजे सुटली, असं मला वाटायचं. पण पुढचे काही आठवडे आधीपेक्षा वाईट गेले. पेजही जाईना. तुम्ही रडायला लागलात. सकाळी दात घासताना, दुपारी टीव्हीसमोर, भाजी निवडता निवडता. तेरा दिवस जे झालं नव्हतं ते सगळं मनवेलपाड्याच्या फ्लॅटमध्ये झालं. मनाच्या डॉक्टरांनी वजन बघितलं, गोळीत थोडा बदल केला, पातळ का होईना पोटात जात राहिलं पाहिजे म्हणाले. सुहासचा धीर सुटला. स्वयंपाकघरात येऊन माझ्यावर ओरडला, "आधी निदान पेज तरी जात होती! काय उकरून काढतात तिथे? बंद करा हे."

मी म्हटलं, "तिने सांगितलं होतं, कधी कधी जड वाटेल म्हणून."

"जड? आईचे हात बघ जरा!"

मी तुमचे हात रोज बघत होते. मला मर्लिनचाही राग येत होता, सुहासचाही आणि तुमचाही. आणि तेवढ्यात तुम्ही आतून येऊन जाहीर केलंत, "मी नाय जानार आता. झालं बोलून."

मी मर्लिनला फोन केला. वाटलं, ती समजावेल, गळ घालेल. ती म्हणाली, "त्यांची मर्जी. फक्त जमलं तर त्यांनी एकदा येऊन मला समोर सांगावं. थांबायचं असेल तरी नीट थांबू." म्हणून तुम्हाला घेऊन गेले. 'बंद' एवढा एकच शब्द सांगायला तुम्ही आत गेलात आणि पूर्ण तास बाहेर आला नाहीत. आलात तेव्हा डोळे पुसत म्हणालात, "पुढच्या गुरवारी जरा लवकर बोलवलंय."

"तुम्ही सांगितलंत ना, बंद म्हणून?"

"सांगितलं की."

"मग?"

"ती म्हनाली, बरं. मग मना राग आला."

"का?"

"कोनी असं लगेच बरं म्हनतं?"

मी त्या जिन्यात कपाळाला हात लावून उभी राहिले. खाली औषधाच्या दुकानातला माणूस वर बघत होता.

त्यानंतर काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनीच ठाऊक आहे, कारण तुम्ही नियम पाळत होता. एवढं कळलं की तुम्ही एकदा गावाहून आणलेली सुकेळी घेऊन गेलात. सुकवलेल्या केळ्यांची ती तुमच्या हाताने केलेली शेवटची पुडी. मर्लिनने एका सुकेळीचे बारीक तुकडे केले, एक स्वतः खाल्ला, एक तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही तो तोंडात धरून ठेवलात. किती वेळ कोण जाणे. "तिनं घाई नाय केली," एवढंच तुम्ही मला सांगितलंत. "गेला?" मी विचारलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "गेला की. जानार नाय तर काय करनार, गोड होता." मी रिक्षावाल्यादेखत रडले आणि तुम्ही मला म्हणालात, "आता तू कशाला? माझा घसा, मी रडीन."

मग भात आला, मग भाकरी दुधात कुस्करून, मग माशाचा मऊ काटेविरहित तुकडा. आणि घास सुटला तशी तुमची जीभही सुटली. घरात तुम्ही मर्लिन झालात. सुहास पार्किंगवरून सोसायटीच्या माणसाशी भांडून आला की तुम्ही खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसायचात आणि डोळे बारीक करून विचारायचात, "तो असं म्हनाला, तेव्हा तुला काय वाटलं?" रेवाला परीक्षेत कमी मार्क पडले, तर, "तुला काय वाटलं?" पाण्याचा टँकर आला नाही म्हणून मी आदळआपट करत होते, तर मला, "निशा, तुला आता काय वाटतंय?" मला वाटत होतं की बादली फेकून मारावी! लिफ्टमध्ये शेजारच्या एका बाईसमोर तुम्ही स्वतःच मठाचं बिंग फोडलंत. "मी मठात नाय जात. मनाच्या डॉक्टरनीकडे जाते. तू पन जा, तुझ्या नवऱ्याकडे बघून वाटतंच, गरज हाय." त्या बाईने तीन महिने मला ओळख दाखवली नाही. परवा मात्र तीच तुमच्या फोटोसमोर सगळ्यात जास्त वेळ बसली होती. जाताना मला दाराबाहेर घेऊन तिने मर्लिनचा पत्ता विचारला. घ्या.

आणि मग तुमचं ते नवीन सुरू झालं. एका गुरुवारी बाहेर येऊन म्हणालात, "पुढल्या टायमाला तू पन आत यायचं. मी तिला सांगितलंय."

"मी? कशाला?"

"मना तुला कायतरी सांगायचंय."

"मग सांगा ना. इथेच सांगा."

"हितं नाय."

"घरी सांगा."

"घरी तू कुकर लावतेस."

म्हणजे काय, आई? कुकर कोणासाठी लावते मी? मी तुमच्यामागे लागले. चांगलं आहे की वाईट ते तरी सांगा. माझं काही चुकलंय का? सुहासचं काही आहे का? तुम्ही फक्त मान हलवायचात. मला झोप लागेना. मी मनातल्या मनात तुमच्या सगळ्या संभाव्य तक्रारींची उत्तरं तयार करून ठेवली. माझी बाजू भक्कम होती.

त्या गुरुवारी मी ऑफिसात सांगून ठेवलं, तयार होऊन बसले, आणि तुम्ही कपाटातून हिरवी साडी काढलीत. राजोडीला तुमच्या भाचीची हळद होती. "अहो, सेशन?" मी म्हटलं. "ते पुढं ढकललंय मी. मर्लिन पुढच्या आठवड्यात सुट्टीवर हाय, त्याच्या पुढं जाऊ. हळद काय पुढं ढकलता येते?" मी इतकी वैतागले की तुमच्याबरोबर रिक्षात बसून राजोडीपर्यंत एक शब्द बोलले नाही. तुम्ही मजेत केसात गजरा सारखा करत होता.

पण त्या हळदीत तुम्ही जेवलात. मांडवाखाली पंगतीला बसलात, पानात वडे आले, कोंबडीचा रस्सा आला, आणि तुम्ही जेवलात. सावकाश, अप्पांसारखं, एक घास, मग शेजारणीला एक गोष्ट, मग एक घास. तुमच्या बहिणीने मला कोपराने ढोसलं. मी पाणी वाढता वाढता थांबले. ढोल वाजत होता, पोरी नाचत होत्या, आणि पंगतीतल्या चार-पाच बायका नुसत्या तुमच्याकडे बघत होत्या. तुम्ही मान वर करून म्हणालात, "काय बघता गो? वडा मागवा आनखी एक."

त्यावेळी मी तुम्हाला काहीच बोलले नाही. रुसलेली होते ना. वाटलं, आता काय, उद्या बोलू, तिथे दोघी जाऊ तेव्हा बोलू.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात होते. दुपारी तुम्ही आमटी-भात जेवलात, ताट धुऊन पालथं घातलंत आणि बाल्कनीतल्या खुर्चीत बसलात. रेवा कॉलेजातून आली तेव्हा तुम्ही तिथेच होता. तिने हाक मारली, हलवलं, मग मला फोन केला. डॉक्टर म्हणाले, हृदय. घशाचा, जेवणाचा काही संबंध नाही. पुन्हा तेच. तरी तेरा दिवस मला ऐकावं लागलं, "हळदीला जरा जास्तच जेवल्या म्हणे." मी प्रत्येकाला तोडून बोलले. त्या वड्यांसाठी तुम्ही काय केलं होतं ते यांना काय ठाऊक! एका मावशींना तर म्हटलं, असंच जेवून जायला मिळालं तर तुम्हीही जा. त्या रागावून गेल्या. तुम्हाला आवडलं असतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी पाहुण्यांच्या चादरी मशीनला लावत होते. मर्लिनच्या दवाखान्यातून फोन आला. तिथली रिसेप्शनवरची मुलगी होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. कळवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आज दोघी येताय ना? चार ते सहा धरून ठेवलंय."

"चार ते सहा? तासभरच असतं ना?"

"हो, पण काकींनी दोन तास मागून घेतलेत." ती पोरगी हसत होती. "म्हणाल्या, एका तासात व्हायचं नाय, सूनबाई मधे मधे बोलते."

मी मशीनला टेकून हसले, आई. खूप हसले. तिकडून ती "हॅलो, हॅलो" करत राहिली. मग मी तिला सांगितलं. ती हळूच म्हणाली, "रद्द करते मग मी."

"नको," मी म्हटलं. "मी येते."

मी पोचले तोवर मर्लिनला कळलं होतं. तिचे डोळे सुजले होते आणि तिने ते लपवले नाहीत. मी तुमच्या खुर्चीत बसले आणि सरळ विचारलं, "काय सांगणार होत्या त्या मला?"

"निशाताई, ते मी नाही सांगू शकत. त्या गेल्या तरी ते त्यांचंच आहे."

मग मात्र माझा बांध फुटला. तो पूर्ण तास मी बोलत होते. माझी भक्कम बाजू सगळी मांडली. पुन्हा घासलेली भांडी, मठाचे पेढे, अर्नाळ्याची घासाघीस, कट्ट्यावर बसून केलेली तुलना, हिरवी साडी. एका दिवसात निघून जाणं. मर्लिनने एकदाच विचारलं, "आणखी?" त्या 'आणखी'तून जे निघालं ते मला ठाऊकच नव्हतं की माझ्यात आहे. रेवा झाली तेव्हा मी दिवसदिवस भिंतीकडे बघत पडून असायचे. माझ्या आईला येता आलं नव्हतं. तुम्ही गावाहून रोज पहिल्या बसने यायचात, बाळाला तेल लावायचात, न्हाऊ घालायचात, माझी वेणी घालायचात, आणि एका अक्षराने विचारलं नाहीत की तुला झालंय तरी काय. केसांतून फणी फिरवत नुसत्या बसायचात. म्हणजे तुम्हाला मर्लिनच्या आधीपासूनच येत होतं ते. मी मर्लिनला म्हटलं, हे मला त्यांना सांगायचं होतं, पण घरात कधी निवांत वेळच मिळाला नाही. म्हणताना मला कळलं, मी तुमच्यासारखंच बोलतेय, आणि त्याचाही राग आला.

पाच वाजले. मर्लिन म्हणाली, "आज इथे थांबायचं का?"

मी म्हटलं, "नाही. दुसरा तास आईंचा आहे."

मी तुमच्या खुर्चीतून उठून त्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले. खाली रस्त्यावर भाजीवाला भाव ओरडत होता. कोणीतरी जिना चढून आलं आणि दार बंद बघून उतरून गेलं. किती वेळा काहीतरी तोंडापर्यंत आलं, एखादा खुलासा, एखादं "पण आई", आणि मी ते आतच ठेवलं. मर्लिनही गप्प होती. घड्याळ समोर होतं.

त्या तासात मी एकदाही मधे बोलले नाही, आई. तुम्हीच बोलला नाहीत.